दुसऱ्या अमावास्येच्या आत

अन्याय झाला तो वू नावाच्या एका बाईवर. कधी झाला, तेही सांगते. गेल्या वर्षीचा सगळ्यात लहान दिवस उलटून गेल्यावर जी दुसरी अमावास्या आली, तिच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, चहावाला किटली घेऊन आमचा जिना चढत होता तेव्हा. अन्याय करणारे उल्हासनगरचे. म्हणजे आपण. वूबाईंना आपल्यापैकी कुणी कधी पाहिलेलं नाही, हा काही बचाव होऊ शकत नाही.

साधी तारीख सांगायला काय होतं, असं विचाराल. काही होत नाही. पण ज्यांची ही तक्रार आहे ते भोईरकाका तारीख अशीच सांगतात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मलाही तीच सवय लागली आहे.

भोईरकाका पालेगावचे. आमच्या गाळ्यात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनचे सुटे भाग विकले जातात: सुया, बॉबिन, हुक, मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं. तुमच्या ब्लाउजच्या पाठीवर जो मोर असतो आणि जीन्सच्या खिशावर जी कवटी असते, ती काढणाऱ्या मशीनची आतडी समजा. हा सगळा माल चीनमधून येतो आणि तो मागवायचं काम काकांचं. मी बिलं करते आणि रविवारी स्टेशनबाहेर उभी राहून एम्ब्रॉयडरी कामगारांना साप्ताहिक सुट्टीची पत्रकं वाटते. म्हणून काका मला ‘लीडरबाय’ म्हणतात.

काकांचा दिवस एका प्रश्नानं सुरू होतो: “तिकडं आज काय हाय?” हा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात, चप्पल काढता काढता. तिकडं म्हणजे चीनमध्ये. पण तो प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. शेठच्या भाचीचं लग्न ठरलं, पत्रिका आली, काका तारीख वाचून म्हणाले, “तिकडं आज काय हाय?” समोरच्या गाळ्यातले म्हातारे गेले, सगळे खाली मान घालून उभे, आणि काकांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “तिकडं आज काय हाय गं?” मी म्हटलं, काका, निदान आज तरी. तर म्हणाले, “तसं नाय. तिकडं पन कुनी ना कुनी ग्येलाच आसंल.”

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी मात्र काकांचा खरा उत्सव असतो. ते त्याला ‘सगल्यात बारका दिस’ म्हणतात. त्या दिवशी ते गाळ्यातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढतात, त्याची गुंडाळी काखेत मारतात आणि गल्लीतल्या एकेका दुकानात शिरतात. काउंटरवर कॅलेंडर पसरायचं, कोपऱ्यावर दुकानदाराचाच कॅल्क्युलेटर वजन म्हणून ठेवायचा आणि अमावास्येच्या काळ्या टिकल्यांवर बोट आपटायचं.

“ही येक. ही दोन. या दोनच्या आत काय पायजे ते आत्ताच सांगून ठेवा. मागनं रडायचं नाय.”

“आ गया चायना का पंचांग!” दुकानदार ओरडतात. बहुतेक सिंधी. काकांना दाल पकवान खाऊ घालतात आणि चिडवतात. “भोईर, बेटी का मुहूरत भी निकाल दो ना.”

“इकडचा काढू का तिकडचा?”

सगळ्यात लहान दिवसानंतरच्या दुसऱ्या अमावास्येला चिनी लोकांचं नवं वर्ष येतं. तेव्हा कारखाने बंद. फोन बंद. शहरं रिकामी करून सगळे कामगार आपापल्या गावी जातात आणि तीन-चार आठवडे तिकडून एक सुई हलत नाही. ही अमावास्या आपल्या हिशेबानं कधी पौषात पडते, कधी माघात. काकांना याचं भारी कौतुक. “आपल्याकडं तारीखवाले आन् तिथीवाले भांडत बसतात. तिकडं बघ. सुरुवात सूर्यानं करायची, शेवट चंद्रानं. दोघांनी काम वाटून घेतलंय. युनियन हाय ती!” हे शेवटचं खास माझ्यासाठी.

चिनी वर्षांना प्राण्यांची नावं असतात. हे कळल्यापासून काकांनी अख्ख्या गल्लीची वर्गवारी करून टाकली. मी ड्रॅगन निघाले. “म्हनूनच तोंडातनं आग.” एकदा बडोद्याची मोठी पार्टी समोर बसलेली असताना काका उत्साहानं म्हणाले, “आन् आमचे शेठ डुक्कर हायत!” लछमणशेठ गोरेमोरे झाले. काका त्यांची समजूत घालायला लागले, “शेठ, डुक्कर लय चांगला. तिकडं मान हाय त्याला.” पार्टीनं माल घेतला, पण जाईपर्यंत शेठकडे बघितलं नाही.

हे वेड लागलं कसं, तर चीनहून माल मागवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी. वूबाय ही तिकडच्या कंपनीत आमची ऑर्डर घेणारी बाई. काका तिला पहिल्यापासून वूबायच म्हणतात. ती चॅटवर लिहायची, फोनमधलं भाषांतर तिचं चिनी इंग्रजीत आणायचं आणि ते इंग्रजी काका स्वतःच्या हिमतीवर समजून घ्यायचे. त्या वर्षी ऑर्डर दिली आणि वूबाय अचानक गप्प झाली. एक आठवडा. दोन आठवडे. शेठ म्हणाले, “पार्टी भाग गयी!” काकांनी धीर करून लिहिलं: तुम्ही मेलात का? शब्दशः हेच. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: मिस्टर भोईर, मी मेले नाही. मी घरी गेले होते.

मग तिनं सांगितलं. गाव डोंगरात आहे. मुलगी आजीकडे असते. वर्षातून एकदाच भेट होते, नव्या वर्षाला. गाडीची तिकिटं मिळवायला मारामारी होते. ते वाचून काकांनी त्याच संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पहिल्यांदा अमावास्या मोजल्या.

त्यानंतर वूबायचा एकही सण काकांनी चुकवला नाही. पण एकदा चुकवला असता तर बरं झालं असतं. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडं एक दिवस येतो. तो चंद्राला विचारत नाही, आपल्या संक्रांतीसारखा सूर्याच्या हिशेबानं येतो. तिकडं सार्वजनिक सुट्टी असते, हे काकांना समजलं. सुट्टी म्हणजे सण. सण म्हणजे शुभेच्छा. काकांनी नाचणारे गुलाब, फिरणारी पणती आणि खाली ‘हॅपी हॅपी’ असं पाठवून दिलं. तो पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायचा दिवस होता.

वूबायचं उत्तर आलं: आभार. माझी आई गावी पुरलेली आहे. मला आज जाता आलं नाही. फुलं छान आहेत.

काकांनी हे घरी काकूंना सांगितलं आणि काकूंनी लाटणं खाली ठेवलं. “मयताच्या दिवशी हॅपी बोल्लात? उद्या माझ्या आईच्या दिसाला बँडबाजा लावा.” काका महिनाभर तोंड पाडून होते. त्या भाद्रपदात सर्वपित्रीला काकूंनी गच्चीवर नेहमीच्या पानांशेजारी एक पान जास्तीचं ठेवलं. काकांनी विचारलं, हे कुनाचं? काकू म्हणाल्या, “वूबायच्या आईचं. तुमी घान केली ती निस्तरायला नको?” कावळा आला तो आधी त्याच पानावर बसला. काकांच्या आईचं पान तसंच. “बरोबर हाय,” काका मला सांगत होते, “लांबनं आलेली. भुकेली आसनार.” तेव्हापासून ते पान दर वर्षी ठेवलं जातं. वूबायला हे कधी कळवलं नाही. कसं कळवणार? फोनमधलं भाषांतर कावळ्यापाशी अडकतं.

तिकडं शरद ऋतूतल्या पौर्णिमेला चंद्र बघत गोड पोळ्या खातात. वूबाय पोळीचा फोटो पाठवायची, काका मसाला दुधाचा. एरवी त्यांची पौर्णिमा आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येते, पण एका वर्षी दोन्ही एकाच दिवशी आल्या. काकांना काय आनंद! तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास आधी सगळं होतं. संध्याकाळी शटर ओढताना काका आभाळाकडे बघून म्हणाले, “वूबायचा बघून झाला. आथा तोच आपल्याकडं येतोय. वापरलेला.”

चीनमधल्या सुट्ट्यांचा एक गुण मात्र काकांना मान्य नव्हता, आणि मला तर अजिबात नाही. तिकडं सलग सात-आठ दिवस सुट्टी देतात आणि मग त्यातले काही दिवस मागच्यापुढच्या शनिवार-रविवारी कामावर बोलावून वसूल करतात. वूबाय एका रविवारी चॅटवर हजर दिसली तेव्हा काकांना हे कळलं. “ही सुट्टी नाय, उसनवारी हाय!” ते टेबलावर हात आपटून म्हणाले. मी त्याच रात्री पत्रकाचा मजकूर तयार केला: चीनमधील कामगारभगिनींचे रविवार परत द्या. काकांनी तो शांतपणे वाचला.

“तिकडं मराठी कोन वाचनार गं?”

“मग इकडं तरी कोण वाचतं?” मी म्हटलं.

आता मुद्द्यावर येते. काका कॅलेंडर घेऊन गल्लीत फिरायचे ते दुकानदारांचा माल अडकू नये म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. शेठ कुरकुरायचे की भोईर दोन महिने आधी माल भरून ठेवायला लावतो, ठेवू कुठं, डोक्यावर? “तू मेरा आदमी है कि चायना का?” काका म्हणायचे, “मधला.” पण एकदा मी खोदून विचारलं, की एवढी घाई कशाला? दहा दिवस आधी सांगितलं तरी ती मंडळी माल काढून देतातच की.

“देतात,” काका म्हणाले. “पन पॅकिंगला कोन थांबतं? जिची ऑर्डर तीच थांबते. आन् तिची गाडी जाते.”

म्हणजे हे होतं. उल्हासनगरातल्या एका अख्ख्या गल्लीची खरेदी हा माणूस वर्षानुवर्षं दोन महिने अलीकडे ओढत होता, ती एका बाईला वेळेवर गाडी मिळावी म्हणून. मी सभांमधून एकजूट हा शब्द पुष्कळ वापरला आहे. कॅलेंडर काखेत मारून ती करताना मी एवढ्या एकाच माणसाला पाहिलं.

“काका, तुम्हाला काय पडलंय पण तिच्या गावाचं?” मी विचारलं.

 काका म्हणाले, “तिला जायला गाव हाय.”

पालेगावला जाऊन आल्याशिवाय हे वाक्य कळत नाही. मी गेले. काका सातव्या मजल्यावर राहतात. त्या बिल्डिंगीच्या खाली त्यांचं भाताचं शेत होतं. गॅलरीत उभं राहून ते मला दाखवत होते: जिथं जिम हाय तिथं खळं. जिथं ती पांढरी गाडी लावलीय तिथं आमची होली पेटायची. भावकी विखुरली. कुणी बदलापूरला फ्लॅट घेतला, कुणी बारवी धरणाच्या बाजूला जमीन घेऊन तिकडं गेलं. गावदेवीचं देऊळ आहे, पण सोसायटीच्या गेटातून नोंद करून जावं लागतं. होळीला तिथला वॉचमन काकांना विचारतो, कौनसे विंग से आये हो?

“लोक सनाला गावाला जातात,” काका म्हणाले. “मी गावातच हाय. जाऊ कुठं?” आणि एवढं बोलून लगेच, “चल, चा घे. तिकडं आज काय हाय म्हाईत हाय का?”

तर तो गुरुवार. काका गोदामात माल मोजायला गेले होते. ऑफिसचा फोन टेबलावर. लछमणशेठांचा मुलगा हितेश आता धंदा बघतो. तो वाईट मुलगा नाही. घाई हा त्याचा स्वभाव आहे आणि धंद्यात तो गुण समजला जातो. एका गिऱ्हाईकाला मशीनची कार्डं ताबडतोब हवी होती. हितेशनं काकांचं चॅट उघडलं आणि लिहिलं: खूप अर्जंट आहे.

वूबायनं उत्तर दिलं: उद्यापासून बंद. आज रात्री माझी गाडी आहे.

हितेशनं लिहिलं: प्लीज. फार अडचण आहे. आणि खाली नाव घातलं: भोईर.

चहावाला जिना चढत असताना काका परत आले. त्यांनी फोन उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वूबायचं शेवटचं उत्तर वाचलं. इंग्रजीतलं मी मराठीत देते: मिस्टर भोईर, इतक्या वर्षांत तुम्ही मला कधीच घाई केली नाहीत. म्हणजे खरंच अडचण असणार. मी तिकीट परत केलं आहे.

काका ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. मी तयार होते.

“हितेशशेठ, माझ्या नावानं?”

“अरे काका, एक ही तो ऑर्डर है! बाद में चली जाएगी ना.”

“बादमें म्हंजे कवा?”

काकांनी लिहिलं: ऑर्डर नको. तुम्ही जा. पाच मिनिटांनी आलं: डबा पॅक झाला. काळजी करू नका. दुसरं तिकीट बघते, जुन्या मित्रा.

चहा तसाच टेबलावर राहिला. त्यावर साय धरली.

अमावास्येला काकांनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या. उत्तर नाही. त्या दिवसांत ते नसतंच, म्हणून आम्ही थांबलो. मग कारखाने उघडले आणि एका सकाळी चॅटवर मजकूर आला: हॅलो डियर, मी सिंडी, यापुढं तुमची सेवा मी करीन.

काकांनी विचारलं: वू?

वू आता इथं काम करत नाही.

काकांनी विचारलं: ती घरी पोचली का?

सॉरी डियर, तुम्हाला कुठलं मॉडेल हवं?

काकांनी तीन वेळा विचारलं. तीन वेळा मॉडेल. नव्या वर्षानंतर तिकडं पुष्कळ जणी नोकरी बदलतात, हे काकांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. आता मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुलगी भेटली का नाही, हा प्रश्न त्या मान हलवण्यात तसाच राहिला.

तो डबा आला. तोपर्यंत गिऱ्हाईकानं दुसरीकडून कार्डं घेतली होती. डबा अजून माळ्यावर आहे, न उघडलेला. वूबाय दर वर्षीच्या शेवटच्या डब्यात लाल कागदाची कातरलेली नक्षी घालायची, मासा किंवा फूल. काकांच्या कपाटाच्या दारावर त्या सगळ्या चिकटवलेल्या आहेत. हितेश आता दोनदा म्हणाला, काका, खोल लो ना, शायद आप के लिए कुछ होगा. त्याला वाईट वाटतं, हे मी नोंदवते. काका म्हणतात, “ऱ्हाऊ दे. उघडला तर संपंल.”

काल सगळ्यात बारका दिवस होता. कॅलेंडर खिळ्यावरच राहिलं. दुपारपासून दुकानदार एकेक करून आमच्या दारात डोकावून गेले. “पंचांग नहीं आया इस साल?” काका सुया मोजत होते. मान वर केली नाही.

शेवटी मीच विचारलं, “काका, तिकडं आज काय आहे?”

 सुया मोजता मोजता काका म्हणाले, “आज तिकडं सगली घरी जेवतात. तांदलाच्या पिठाचे गोलगोल गोले करतात, गोड पान्यातले. घरातली सगली येका ताटाभवती.” पुन्हा सुया. “म्हंजे ज्यांना जाता येतं ती.”

काका या वर्षी गल्लीत फिरणार नाहीत. मी कॅलेंडर घेऊन फिरले तर दुकानदार मला पत्रकवाली समजून आधीच हात जोडतील. म्हणून हे लिहिलं. तुम्ही धंदेवाले असा, नाहीतर घरात पडल्यापडल्या फोनवर बोट टेकवून दिव्यांची माळ मागवणारे असा, मागणी तुमच्याकडेच आहे. उठा. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढा. कालच्या दिवसापासून पुढच्या काळ्या टिकल्या मोजा. ही एक, ही दोन. तिकडून जे हवं असेल ते आज मागवा. दुसरी टिकली जवळ आली की काही मागवू नका, तुमचं गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी. आणि समोरून जी कुणी ‘हॅलो डियर’ म्हणेल, तिला मॉडेल नंबर सांगायच्या आधी विचारा: बाय, तुझं तिकीट काढलंस का?